लोळायलाच तर जायचं!

"रिसॉर्टवर नुसतं लोळायला एवढे पैसे?" असं कुणीतरी विचारलंय. अहो, सोलापूरच्या उन्हात भाजलेल्या माणसाला विचारा! आम्ही दोघं अंदमानात हॅवलॉकला (२०१८ पासून स्वराज द्वीप) गेलो आणि खरोखर काहीही केलं नाही. राधानगर किनाऱ्यावर झाडांच्या सावलीत चादर टाकायची, कडक भाकरी मोडून शेंगाचटणीला लावायची. हे तर तोंडावर टोपी ठेवून घोरतच पडायचे. स्कूबाच्या चौकशीला आलेला पोरगाही कंटाळून गेला.

फक्त एक ध्यानात ठेवा: घड्याळ आपलंच, पण बेट फार पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. दुपारची झोप लांबली की सूर्यास्त हुकलाच म्हणून समजा. आणि वाळूतल्या बारीक माश्या चावतात, चादर जाडच घ्या. सोलापुरी असेल तर उत्तमच!