'कुटुंबनियोजन' या शब्दातलं कुटुंब कोण?

गावातल्या बायकांसाठी एक माहितीपत्रक लिहिते आहे आणि शीर्षकापाशीच अडले. माझे आजोबा आजीबद्दल बोलताना 'आमचं कुटुंब' म्हणायचे. कुटुंब म्हणजे बायको. मग 'कुटुंबनियोजन' हा शब्द आला तेव्हा लोकांनी तो कसा घेतला असेल? आणि 'संततिनियमन' मागे का पडला?

*

ताई, 'संततिनियमन' आधीचा. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत केंद्र काढलं, दोन वर्षांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. त्यांच्या लेखी नियमन म्हणजे गर्भ टाळायची साधनं वापरून. 1935 साली संततिनियमनाच्या अमेरिकी प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा गांधीजींचा आग्रह मात्र संयमाचा होता. हा वाद निव्वळ शब्दाचा नव्हता. बाईला साधन मिळणार की नवऱ्याच्या संयमावर विसंबावं लागणार, एवढा मोठा होता.

'फॅमिली प्लॅनिंग' रुळलं ते पुढे. 1949 मध्ये मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. धन्वंती रामा राव पहिल्या अध्यक्षा, सोबत आवाबाई वाडिया. 1952 च्या मुंबईतल्या परिषदेत या विषयाचा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्मला, आवाबाई पुढे त्याच्याही अध्यक्षा झाल्या. 'नियमन'मध्ये आवर घालणं आहे. 'नियोजन'मध्ये मूल कधी हवं हेही येतं, म्हणून मला तो शब्द मोठा वाटतो.

*

मी आरोग्यसेविका होते. शब्द मोठा असेल, पण वस्तीवर तो आकसला. "तिचं फॅमिली प्लॅनिंग झालंय" म्हणजे तिचं ऑपरेशन झालंय, दुसरा अर्थच नाही. पुरुषाबद्दल हे वाक्य मी क्वचितच ऐकलं. तेव्हा तुमच्या आजोबांचा अर्थ खराच ठरला म्हणा, नियोजन झालं ते बायकोचंच. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. त्यानंतर सरकारी पाट्यांवर 'नियोजन' जाऊन 'कुटुंब कल्याण' आलं. पाटी बदलली तरी लोकांच्या मनातली भीती कितीतरी वर्षं गेली नाही.

बायका आपसात बोलायच्या ते 'पाळणा लांबवायचाय', 'तांबी बसवलीय' (म्हणजे कॉपर-टी), 'पिशवीचा त्रास आहे'. गर्भाशय हा शब्द डॉक्टरीणबाईंसमोर, तोही चाचरत.

*

मग शीर्षकात 'प्रजनन आरोग्य' चालेल का?

*

खाली बारीक अक्षरात चालेल. वर मोठ्या अक्षरात 'पाळी, पाळणा, तांबी, पिशवी : काहीही विचारा' असं लिहा. तेवढं वाचून बाई दारात उभी राहील. आणि 'कुटुंब' शब्द ठेवलाच, तर एक ओळ नवऱ्यासाठीही लिहा, पुरुषांचं ऑपरेशन बायकांच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं म्हणून.