इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी एमबीए: कॉलेज कसं निवडावं?

ओंजळ:
नमस्कार मंडळी. मी इंजिनिअर आहे, सध्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. एमबीए करून इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये (कंपन्यांसाठी भांडवल उभारणं, मोठे व्यवहार जुळवणं), जमल्यास 'एम अँड ए' म्हणजे कंपन्यांच्या विलीनीकरण-खरेदीच्या कामात जायचं आहे. जीमॅट (एमबीएची प्रवेशपरीक्षा) झाली आहे. सध्याची यादी: कोलंबिया, एनवाययू स्टर्न, कॉर्नेल, शिकागोचं बूथ, लंडन बिझनेस स्कूल (एलबीएस), फ्रान्सचं इन्सिआड. घरच्यांचं म्हणणं, एक वर्षाचाच कोर्स कर, वर्षभराचा पगार तरी बुडणार नाही. मित्र म्हणतो, रँकिंगमध्ये जे वर असेल ते डोळे मिटून घे. या क्षेत्रातलं कोणी आहे का इथे? आणि आधी सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची व्यावसायिक परीक्षा) करून ठेवावं का?

रात्रपाळी:
याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रँकिंग तूर्तास बाजूला ठेवा. आधी भरतीचं वेळापत्रक समजून घ्या, निम्मी यादी आपोआप गळेल. अमेरिकेतला दोन वर्षांचा एमबीए ऑगस्टच्या आसपास सुरू होतो आणि वर्गात नीट बस्तान बसण्याआधीच बँका कॅम्पसवर येतात. प्रेझेंटेशन, मग कॉफी चॅट (बँकरशी अनौपचारिक गप्पा), मग आणखी कॉफी चॅट. त्यातून बँका स्वतःच्या याद्या करतात आणि मुलाखतीला त्या यादीतल्यांनाच बोलावतात. मुलाखती साधारण जानेवारीत. पुढे उन्हाळ्यात दहाएक आठवड्यांची इंटर्नशिप, आणि असोसिएटच्या (एमबीएनंतर मिळणाऱ्या पहिल्या पदाच्या) कायमच्या जागा बहुतेक त्या इंटर्नमधूनच भरतात. इंटर्नशिप हुकली तर दुसऱ्या वर्षी उरल्यासुरल्या जागांसाठी धावाधाव.

आता एक वर्षाचा कोर्स घ्या. त्यात उन्हाळाच नसेल तर इंटर्नशिप कुठून करणार? आधीपासून बँकिंगमध्ये असलेल्याला चालतं. तुम्ही सॉफ्टवेअरमधून येताय, तुम्हाला नाही चालणार. बुडणाऱ्या पगाराचा हिशेब घरच्यांना या बाजूनेही मांडून दाखवा.

यात एक खाच आहे. इन्सिआडच्या दोन बॅचेस असतात. जानेवारीत सुरू होणाऱ्या बॅचला मध्ये उन्हाळ्याची सुट्टी मिळते, त्यात इंटर्नशिप करता येते. सप्टेंबरच्या बॅचला ती नाही. कोलंबियात उलट! तिथे ऑगस्टच्या बॅचला उन्हाळा मिळतो, जानेवारीची बॅच इंटर्नशिपशिवाय संपते. डिग्री तीच, पण फॉर्मवर कुठल्या चौकटीत खूण केली यावर सगळं फिरतं.

आडवाट:
+१. एलबीएसचा मूळ एमबीए १५ ते २१ महिन्यांचा आहे, त्यात इंटर्नशिप बसते. पण लंडनमध्ये एमबीएवाल्यांसाठी जागा न्यूयॉर्कपेक्षा बऱ्याच कमी. युरोपात बँका मुख्यतः पदवी किंवा मास्टर्स इन फायनान्स झालेल्या पोरांना अॅनालिस्ट (असोसिएटच्या खालचं पद) म्हणून घेतात आणि तिथूनच वर चढवतात. त्यात जर्मन, फ्रेंच, इटालियन येणाऱ्यांना काही टीममध्ये झुकतं माप. हाँगकाँगला मँडरिनशिवाय अवघडच.

ओंजळ:
बॅचचं हे माहीतच नव्हतं! आणि कॉर्नेल तर न्यूयॉर्कपासून चांगलं चार-पाच तास लांब आहे. मग स्टर्न बरं नाही का?

रात्रपाळी:
स्टर्न मॅनहॅटनमध्येच आहे, लेक्चर संपवून बँकरला भेटून परत येता येतं. हा फायदा खरा. पण म्हणून कॉर्नेल खोडू नका. वर्ग छोटा, पहिल्या वर्षी बँकिंगचं स्वतंत्र इमर्शन सेमिस्टर (बँकिंगवरच भर देणारं सत्र), आणि माजी विद्यार्थी फोन उचलतात. छोट्या वर्गात यादीत नाव लागण्यासाठीची चढाओढही आटोक्यात राहते.

प्रत्येक कॉलेजचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट (कोणाला कुठे नोकरी लागली त्याचा अहवाल) उघडा आणि 'फायनान्स' या मोठ्या आकड्यावर थांबू नका. त्यात कॉर्पोरेट फायनान्स, अॅसेट मॅनेजमेंट, प्रायव्हेट इक्विटी सगळं एकत्र असतं. इन्व्हेस्टमेंट बँकिंगची ओळ वेगळी शोधा, टक्केवारीला वर्गसंख्येने गुणा, आणि कुठल्या बँकांनी एकापेक्षा जास्त जणांना घेतलंय ते पाहा. म्हणूनच रँकिंग फसवं. स्टॅनफर्ड यादीच्या टोकाला असतं, पण तिथली मंडळी बँकिंगकडे फारशी वळत नाहीत. उलट तेल-वायू कंपन्यांच्या डील्स करायच्या असतील तर ह्यूस्टनचं राइस किंवा ऑस्टिनचं मॅककॉम्ब्स जास्त कामाचं.

सीएफए: रिसर्च किंवा फंड मॅनेजमेंटसाठी उत्तम. इथे मात्र त्याने दार उघडत नाही. तो वेळ अकाउंटिंगला द्या.

ताळेबंद:
अकाउंटिंगला दुजोरा. मुलाखतीतला हमखास प्रश्न: घसारा १० ने वाढला, तिन्ही स्टेटमेंटवर (नफा-तोटा, कॅश फ्लो, ताळेबंद) काय परिणाम? कर ३० टक्के धरा. करपूर्व नफा १० ने कमी, कर ३ ने कमी, म्हणजे निव्वळ नफा ७ ने घटला. कॅश फ्लोमध्ये घसारा परत मिळवायचा: उणे ७, अधिक १०, रोकड ३ ने वाढली. ताळेबंदात रोकड ३ ने वर, मालमत्ता १० ने खाली, एकूण ७ ने खाली. दुसऱ्या बाजूला राखीव नफाही ७ ने खाली. जुळलं. हे कागदाशिवाय, न अडखळता सांगता आलं पाहिजे. हुशार इंजिनिअर इथे हमखास गडबडतात, कारण सूत्र पाठ असतं, पण रोकड का वाढली ते सांगता येत नाही.

आडवाट:
व्हिसाचंही बघा. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिन्यांचं ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी), कोर्स स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. काही कॉलेजांत संपूर्ण एमबीए स्टेममध्ये, काहींत ठरावीक स्पेशलायझेशनच. एच-वन-बीला (नोकरीच्या व्हिसाला) नंबर लागणं आपल्या हातात नाही, तेव्हा ते जादा २४ महिने सोडू नका.

निवांत:
पण हे सगळं कशासाठी? आठवड्याला ऐंशी तास! गोल्डमन सॅक्सने २०१३ मध्ये ज्युनिअर्सना शुक्रवारी रात्री ९ ते रविवारी सकाळी ९ ऑफिसात यायचं नाही असा नियम केला. असा नियम करावा लागतो यातच काय ते समजा.

रात्रपाळी:
खरं आहे, आणि डील ऐन रंगात असेल तर असल्या नियमांना अपवाद निघतातच. पण त्यांनी विचारलंय कॉलेजचं. :)

ओंजळ, माझ्या मते कोलंबिया ऑगस्ट, स्टर्न, बूथ आणि कॉर्नेल ठेवा. एलबीएस फक्त लंडनलाच राहायचं असेल तर. इन्सिआड भरायचंच असेल तर जानेवारी. आणि फॉर्म भरण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या फायनान्स क्लबमधल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर गाठून एवढंच विचारा: गेल्या वर्षी बँकिंगसाठी किती जण उतरले आणि त्यातल्या किती जणांना इंटर्नशिप मिळाली? रिपोर्टमध्ये यातला दुसराच आकडा सापडतो.