शिष्यवृत्तीचा अर्ज कोणी भरावा: मुलांनी की आईवडिलांनी?

एका विद्यार्थिनीची आई, सातारा

माझ्या मुलीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून, अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात निम्म्याऐवजी पूर्ण सवलत मिळते. म्हणजे महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा या सवलतीचा अर्ज हा आमच्या घरातला त्या वर्षीचा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होता, आणि तो आम्ही चौकातल्या सायबर कॅफेत वीस मिनिटांत उरकला. प्रोफाइलमध्ये मोबाइल क्रमांक कॅफेवाल्याचा पडला. उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला असल्यामुळे अर्ज दुरुस्तीसाठी परत आला, त्याचा संदेश त्याच क्रमांकावर गेला आणि आम्हाला तो तीन आठवड्यांनी समजला. मुदत अजून शिल्लक होती, म्हणून निभावले.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की हा अर्ज मुलांनीच भरला पाहिजे. आईवडिलांनी शेजारी बसावे, कागद पुरवावेत आणि घरात येणाऱ्या पैशाचा खरा आकडा मुलांसमोर ठेवावा. परंतु प्रत्येक रकाना मुलांनी स्वतः वाचून भरावा. हा अर्ज दरवर्षी नूतनीकरणासाठी पुन्हा समोर येतो, आणि चार वर्षे आपण त्यांच्या मागे धावणार नसतो.

दोन मुलांचे वडील, शासकीय नोकरी, नाशिक

मी याच्याशी सहमत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, पगार व करकपात दाखवणारा फॉर्म १६ यांतला एकही कागद मुलाच्या हातचा नाही; तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात हेलपाटे घालतो तो बाप. ज्या मुलाने नुकतीच बारावीची परीक्षा, सीईटी आणि प्रवेश फेऱ्यांचे पसंतीक्रम पार केले आहेत, त्याच्यावर आणखी एक जबाबदारी टाकून आपण त्याला स्वावलंबन शिकवतो असे मानणे मला पटत नाही. त्याच्या हातून चुकीची योजना निवडली गेली, तर भुर्दंड सगळ्या घराला बसतो.

शैक्षणिक कर्जाचेही तसेच आहे. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, परंतु सहकर्जदार म्हणून सही पालकांचीच घेतात. ज्याची सही, त्याने कागद भरावा. मी दोन्ही मुलांचे अर्ज स्वतः भरले आणि एकही परत आला नाही.

महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातील कर्मचारी, अमरावती

परत पाठवलेले अर्ज मी रोज पाहते, म्हणून लिहिते. बहुतेक चुका मुलांच्या निष्काळजीपणाच्याही नसतात आणि पालकांच्याही नसतात. त्या दोघांमधल्या मोकळ्या जागेत होतात. वसतिगृहात राहता की घरून ये-जा करता, हे वडिलांना रकाना भरताना नक्की ठाऊक नसते. आधारशी कोणते खाते जोडले आहे हे मुलाला ठाऊक नसते, कारण ते खाते आईने कधीतरी गावच्या बँकेत उघडून दिलेले असते. थेट लाभाची रक्कम आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. पैसे जमा झालेले असतात आणि मुलगा खिडकीशी येऊन "आलेच नाहीत" असे सांगतो, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल, तर ते घरात दोघांनी मिळून कागद पाहिल्याशिवाय ध्यानात येतच नाही.

नाशिकच्या सद्गृहस्थांना एक विचारावेसे वाटते. आपला मुलगा दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची मुदत कोणाकडून ऐकतो? आमची सूचना वर्गात वाचली जाते, ती वडिलांपर्यंत पोहोचत नाही.

ऊसतोड कुटुंबातील विद्यार्थी, बीड

वरच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे आईवडिलांना हा अर्ज वाचता येतो. आमच्या घरी तो प्रश्नच नव्हता. अर्ज सुरू असतो तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा, वडिलांचे स्वयंघोषणापत्र हवे, आणि वडील दुसऱ्या जिल्ह्यातल्या उसाच्या फडात. ते सगळे मी फोनवर आणि एका सुट्टीच्या दिवशी फडावर जाऊन पूर्ण केले.

खरी अडचण उत्पन्नाच्या रकान्यात आली. वडिलांनी मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली होती, आणि ती कमाई धरायची की कर्ज, हे ना त्यांना ठाऊक होते ना मला. आम्ही किती टन ऊस तोडला, किती उचल फिटली, किती अंगावर राहिली, याचा हिशेब पहिल्यांदाच एकत्र बसून मांडला. तोपर्यंत वडिलांनी तो मला कधी सांगितला नव्हता आणि मीही कधी विचारला नव्हता. त्यामुळे "कोणी भरावा" हा प्रश्न आमच्यासारख्यांसाठी निवडीचा नाही. मी भरला नसता, तर तो भरलाच गेला नसता.

एका मुलीची आई, ठाणे

या विद्यार्थ्याच्या कष्टांना मी मान देते, तरीही खरा आकडा मुलांसमोर ठेवण्याच्या आग्रहाला माझा विरोध आहे. आम्ही दागिने गहाण ठेवून घेतलेले कर्ज माझ्या मुलीला अर्जासाठी आधीच काढून ठेवलेल्या कागदांत दिसले. तिने आम्हाला न सांगता पसंतीक्रमातून वसतिगृह लागेल अशी सगळी महाविद्यालये काढून टाकली आणि घराजवळचे, तिच्या आवडीची शाखा नसलेले महाविद्यालय घेतले. मुलांनी शिकण्याचा विचार करावा. कर्जाचा विचार करायला आम्ही आहोत.

एका विद्यार्थिनीची आई, सातारा

ठाण्याच्या ताईंचे दुःख मी समजू शकते. परंतु त्यांच्या मुलीला फक्त कर्ज दिसले. शुल्क किती माफ होणार, हे तिला कोणी सांगितले होते का? सवलत शिक्षण व परीक्षा शुल्काची असते, वसतिगृह आणि खानावळीची नसते. म्हणून खरा खर्च नेमका किती, ही बेरीज पसंतीक्रम भरण्याच्या आधी, मे-जूनमध्येच, सगळ्यांनी मिळून करावी लागते. ही सवलत केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेलाच लागू होते. ज्या घरात हे आधी बोलले जात नाही, तिथे फेरीतली जागा सोडून व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली जाते आणि सवलत हातची जाते, हे मी आमच्याच नात्यात पाहिले आहे.

बीडच्या मुलाने मला माझे मूळ वाक्य बदलायला लावले आहे. आईवडिलांनी शेजारी बसावे असे मी लिहिले, तेव्हा बसायला घरी कोणी असेलच असे मी धरून चालले होते. अशा मुलांच्या शेजारी महाविद्यालयाने माणूस बसवला पाहिजे, आणि तोही मुदत संपण्याच्या आठवड्यात नव्हे, तर प्रवेशाच्या दिवशीच.

दोन मुलांचे वडील, नाशिक

अमरावतीच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो. नूतनीकरणाची मुदत मला मुलाच्या मित्राच्या वडिलांकडून समजली होती, हे मान्य करतो. आज धाकट्याला प्रोफाइलचा मोबाइल क्रमांक बदलून त्याचा स्वतःचा घालायला सांगितले आहे, आणि पासवर्डही त्याच्याकडे दिला आहे. अर्ज मात्र यंदाही मीच भरणार आहे. तो शेजारी बसेल.