एकाच संगणकावर ग्रंथालयाचा सर्व्हर आणि रोजचा डेस्कटॉप: लिनक्सचा कल कोणाकडे?

ग्रंथपाल (प्रश्न)

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे कोहा ही मुक्त ग्रंथालय प्रणाली डेबियन लिनक्सवर चालते. निधीअभावी तिचा सर्व्हर आणि माझ्या टेबलावरचा रोजचा संगणक हे एकच यंत्र आहे. त्यात ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. याच यंत्रावर मी ब्राउझर उघडते, लिब्रेऑफिसमध्ये अहवाल लिहिते, आणि याच यंत्राला देवघेव काउंटरचा एक व वाचनकक्षातले ओपॅकचे (वाचकांनी पुस्तके शोधण्याच्या संगणकीय सूचीचे) दोन संगणक जोडलेले आहेत.

दर शनिवारी मी डेटाबेस आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ असा मिळून सुमारे ६ जीबीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेते. कॉपी सुरुवातीला झरझर पुढे जाते, मग माउसचा बाण अडखळू लागतो आणि काउंटरवर बारकोड स्कॅन केल्यावर पुस्तकाचे नाव पडद्यावर यायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तोवर मुले ओळखपत्र हातात धरून रांगेत उभी असतात. दुसरी अडचण अशी, की दुपारी मी जेवायला गेले की ओपॅक अधूनमधून बंद पडतो आणि मी परत येऊन माउस हलवला की पूर्ववत सुरू होतो.

एकच ऑपरेटिंग सिस्टिम सर्व्हर आणि डेस्कटॉप या दोन्हींसाठी बनवली जाते, तेव्हा तिच्या मूळ सेटिंगचा कल नेमका कोणाकडे असतो, आणि तो आपल्याला बदलता येतो का?

प्रणाली प्रशासक

मॅडम, दुपारची अडचण आधी सोडवू, कारण ती सोपी आहे. डेस्कटॉपच्या दृष्टीने वापरकर्ता म्हणजे कीबोर्डसमोर बसलेली व्यक्ती. माउस काही वेळ हलला नाही की कोणी नाही असे समजून डेस्कटॉप यंत्राला झोपवतो. नेटवर्कवरून पुस्तक शोधणारा विद्यार्थी त्याच्या हिशेबात येतच नाही. ऊर्जा सेटिंगमध्ये आपोआप सस्पेंड होणे बंद करा. मात्र ते सेटिंग एका वापरकर्त्यापुरते असते आणि लॉगिनच्या पडद्यावर लागू होत नाही, म्हणून रूट म्हणजे मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने, यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीमध्ये, स्लीप आणि सस्पेंड ही दोन्ही टार्गेट ‘मास्क’ करून म्हणजे पूर्ण बंद करून ठेवा.

पेन ड्राइव्हचे कारण अधिक खोल आहे. आपण फाइल कॉपी करतो तेव्हा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती लगेच पेन ड्राइव्हवर लिहीत नाही. आधी रॅममध्ये साठवतो आणि मागाहून सावकाश लिहितो. अशा न लिहिलेल्या मजकुराला ‘डर्टी पेजेस’ म्हणतात. मूळ सेटिंगनुसार उपलब्ध रॅमच्या १० टक्के मजकूर साठला की मागच्या मागे लिहिणे सुरू होते, आणि २० टक्क्यांची मर्यादा गाठली की ज्या प्रक्रियेला काही लिहायचे आहे तिलाच कर्नेल रोखून धरतो. तुमच्या यंत्रावर ५ जीबी रॅम उपलब्ध असेल, तर २० टक्के म्हणजे १ जीबी. सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला तो उपसायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. कॉपी सुरुवातीला झरझर जाते ती यामुळेच, कारण ती पेन ड्राइव्हवर नव्हे, रॅममध्ये जात असते. प्रत्येक उपकरणाचा वेग स्वतंत्रपणे लक्षात घेण्याचा प्रयत्न कर्नेल करतो, तरीही ही तक्रार जुनी आहे. २०१३ मध्ये या विषयावर चर्चा झाली तेव्हा लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनीच सांगितले होते, की टक्केवारीची ही कल्पना रॅम ८ ते ६४ एमबी असण्याच्या काळातली आहे.

वेगवान डिस्क असलेल्या सर्व्हरला मोठी मर्यादा फायद्याची असते, कारण एकगठ्ठा लिहिणे स्वस्त पडते. तुमच्याकडे मात्र ती टक्क्यांऐवजी बाइटमध्ये ठरवा. ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ला (मागच्या मागे लिहिणे सुरू होण्याची मर्यादा) ६७१०८८६४ म्हणजे ६४ एमबी आणि ‘डर्टी बाइट्स’ला (रोखून धरण्याची मर्यादा) २६८४३५४५६ म्हणजे २५६ एमबी ही मूल्ये द्या, ती दिली की टक्केवारी आपोआप शून्य होते. कॉपीची पट्टी आता सुरुवातीपासूनच हळू सरकेल, पण ती खरा वेग दाखवेल. आणि पट्टी पूर्ण झाली तरी ‘सुरक्षितपणे काढा’ हे दाबल्याशिवाय पेन ड्राइव्ह उपसू नका. आमच्या कार्यालयात एकदा पूर्ण झाल्यासारखा दिसणारा बॅकअप उघडायला गेल्यावर अर्धवट निघाला होता, तेव्हापासून मी ही गोष्ट प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

कर्नेलचा वाचक

वरील उत्तर योग्यच आहे. कल कोणाकडे, या मूळ प्रश्नाबद्दल लिहितो, कारण हा वाद लिनक्समध्ये वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

कर्नेल ज्या ठोक्यांवर कामांचा आढावा घेतो त्या घड्याळाचेच पाहा. कर्नेलच्या २.४ आवृत्तीत पीसीवर सेकंदाला १०० ठोके पडत, २.६ मध्ये डेस्कटॉप चपळ वाटावा म्हणून ते १००० झाले. आणि २००५ च्या २.६.१३ मध्ये हा आकडा कर्नेल बांधताना (सोर्स कोडपासून तयार करताना) निवडता येऊ लागला, तेव्हा मूळ मूल्य २५० ठेवले गेले. ही सरळसरळ तडजोड होती. चालू काम मध्येच थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर द्यायचा की नाही, यासाठीच्या पर्यायांना तर कर्नेलच्या मेनूमध्ये वर्षानुवर्षे ‘सर्व्हर’, ‘डेस्कटॉप’ आणि ‘लो-लेटन्सी डेस्कटॉप’ अशीच नावे होती. पूर्वी त्यासाठी कर्नेल नव्याने बांधावा लागे; २०२१ च्या ५.१२ पासून यंत्र सुरू करतानाच निवड करता येते.

सर्वांत तीव्र वाद प्रोसेसरच्या वाटपावरून झाला. ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञ कॉन कोलिव्हास फावल्या वेळात कर्नेल लिहीत आणि सामान्य डेस्कटॉपकडे दुर्लक्ष होते असे कळकळीने मांडत. २००७ मध्ये त्यांनी समन्यायी वाटपाचा शेड्युलर (कामांना प्रोसेसर वाटून देणारा कर्नेलचा भाग) पुढे आणला, २.६.२३ मध्ये मात्र कर्नेल विकासक इंगो मोलनार यांचा सीएफएस हा शेड्युलर स्वीकारला गेला. मोलनार यांनी कोलिव्हास यांच्या कल्पनेचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले, तरी कोलिव्हास यांनी तेव्हा काम सोडले. त्यांची मूळ तक्रार रास्त होती असे मला आजही वाटते: सर्व्हरचा वेग आकड्यांत मोजता येतो, माणसाला जाणवणारा अडखळ मोजणे कठीण, आणि जे मोजले जात नाही ते मागे पडते. २०११ च्या २.६.३८ मध्ये माइक गॅलब्रेथ यांनी प्रत्येक सत्राचा गट करून वाटा देण्याची सोय केली, त्यामुळे एका टर्मिनलमधली वीस कामे मिळून चालू व्हिडिओच्या वाट्याचा प्रोसेसर खाईनाशी झाली. २०२३ च्या ६.६ पासून सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ हा शेड्युलर आला. त्यात प्रत्येक कामाला न्याय्य वाटा तर मिळतोच, शिवाय छोट्या वेळेची मागणी करणाऱ्याची पाळी लवकर येते.

मॅडम, तुमचा प्रोसेसर बहुधा रिकामाच असतो, अडचण डिस्क आणि रॅमची आहे. म्हणून शेड्युलरला हात लावण्याची गरज मला दिसत नाही.

दुसरा प्रशासक

माझे मत थोडे वेगळे आहे. सेटिंग बदलून आज निभावेल, पण दाखल नोंदवही ज्या यंत्रावर आहे त्याच यंत्रावर ईमेलमधली जोडपत्रे उघडणे मला धोक्याचे वाटते. फेडोरा या लिनक्स वितरणाने २०१४ च्या आवृत्तीपासून वर्कस्टेशन (रोजच्या डेस्कटॉपसाठी) आणि सर्व्हर वेगळे केले, यामागे हीच समज आहे, की पाया एक असला तरी सोबत येणारी सामग्री आणि मूळ सेटिंग प्रत्येक उपयोगासाठी वेगळी असावी लागतात. कोहासाठी एखादे जुने यंत्र, पडदा न जोडता, वेगळे ठेवा.

तोवर दोन गोष्टी करा. सिस्टिमडीमध्ये कोहाचा डेटाबेस चालवणाऱ्या मारियाडीबी सेवेला ‘मेमरी लो’ हे सेटिंग १ जीबी द्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडले तरी कर्नेल डेटाबेसची तेवढी रॅम सहसा काढून घेणार नाही. आणि स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर मजकूर ठेवायची जागा) हार्ड डिस्कवर असेल तर झेडरॅम सुरू करा. त्यात मजकूर रॅममध्येच दाबून साठवला जातो. प्रोसेसर थोडा खर्च होतो, पण डिस्कची घरघर टळते.

ग्रंथपाल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सस्पेंड बंद केले आणि गेल्या आठवड्यात दुपारी ओपॅक एकदाही थांबला नाही. मर्यादा बाइटमध्ये ठरवून काल बॅकअप घेतला. पट्टी पूर्वीपेक्षा सावकाश सरकली, पेन ड्राइव्ह काढताना दोन-तीन सेकंदच थांबावे लागले, आणि त्या दरम्यान काउंटरवर देवघेव चालू होती. झेडरॅम परीक्षा संपल्यावर बसवेन. प्रयोगशाळेतून बाद झालेला ४ जीबी रॅमचा एक संगणक मिळण्याची शक्यता आहे. कोहा आणि मारियाडीबीला, पडदा न जोडता, तेवढी रॅम पुरेल का, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रशासक

तीन संगणकांच्या वापराला पुरेल. हार्ड डिस्क बदलून एसएसडी मात्र अवश्य घाला, आणि जुन्या यंत्रावरचा कोहा लगेच न पुसता महिनाभर तसाच राहू द्या.