बाळकूम–गायमुख बायपास: घोडबंदरची कोंडी सुटणार की पुढे सरकणार?

ओवळेकर:
ठाण्यातील घोडबंदर रस्त्याला समांतर, खाडीच्या कडेने बाळकूमपासून गायमुखापर्यंत जाणारा सुमारे १३ किलोमीटरचा मार्ग (बायपास) मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) उभारत आहे. तो झाला की कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ आणि कासारवडवली येथील रखडपट्टी संपेल, असे आमच्या भागात छातीठोकपणे सांगितले जाते. घरांच्या जाहिरातींतून तर जरा जास्तच. मला ही अपेक्षा एका मर्यादेपलीकडे मान्य नाही.

आपल्या रस्त्यावर दोन वेगळ्या वाहतुकी एकत्र चालतात. उरणच्या बंदरातून निघून मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा असे करीत गुजरातकडे जाणारे कंटेनर ही पहिली, आणि कामाला, शाळेला, दवाखान्यात जाणारे आपण ही दुसरी. बायपासमुळे पहिली वाहतूक शहराबाहेरून जाईल हे खरे. परंतु ती पुन्हा जुन्या रस्त्याला मिळणार ती गायमुखाला, म्हणजे नेमकी घाटाच्या तोंडाशी. तेथून अहमदाबाद महामार्गावरच्या फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आणि दुसऱ्या बाजूला खाडी असल्यामुळे रुंदीकरणाला जागा जवळजवळ नाही, आणि पावसाळ्यात त्या चढ-उताराची जी अवस्था होते ती सर्वांनी पाहिली आहे. २०२३ मध्ये वरसावे येथील नवा खाडीपूल खुला झाला, पलीकडची अडचण बरीच कमी झाली; तरीही घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की रांग मागे हटत हटत थेट वस्तीपर्यंत येते.

या घाटाला पर्याय म्हणून आखलेल्या गायमुख–फाउंटन जुळ्या बोगद्याची निविदा, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर, २०२५ मध्ये रद्द करावी लागली. बायपास आधी आणि बोगदा मागाहून असा क्रम पडला, तर मधल्या काळात ठाण्याच्या टोकाला राहणाऱ्यांचा प्रवास कमी होण्याऐवजी लांबेल, असे माझे मत आहे.

कोलशेतचा रहिवासी:
ओवळेकर यांचा घाटाविषयीचा मुद्दा रास्त आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. बायपास नसला तर काय होते, याचा अनुभव ठाणे आणि नवी मुंबईने २०१८ मध्ये घेतलेला आहे. त्या वर्षी मे महिन्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद झाला, तो सप्टेंबरात सुरू झाला. मधल्या महिन्यांत बंदराकडची अवजड वाहने ऐरोलीकडून आणि इतर मार्गांनी वळवली गेली, आणि ज्या लोकांचा मुंब्र्याशी कधी संबंध आला नव्हता त्यांनाही तो रस्ता किती भार वाहत होता ते कळून चुकले. तोच न्याय घोडबंदरला लावला, तर कंटेनर कापूरबावडीच्या चौकातून बाहेर गेल्याने होणारा फायदा केवळ घाटातल्या रांगेवरून मोजता येणार नाही.

आपल्यापैकी बहुसंख्य लोक घाटात जातच नाहीत. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन, मानपाड्याहून मुलुंड, वाघबीळहून ऐरोली अशा प्रवासात गायमुख येत नाही. येतो तो कापूरबावडी आणि माजिवडा. त्या पट्ट्यातून अवजड वाहने कमी झाली, की सिग्नलला लागणारा वेळ कमी होईलच. भरलेला ट्रेलर हिरव्या दिव्यावर जागचा हलेपर्यंत त्याच्या मागच्या दोन-तीन गाड्यांची पाळी हुकते, हे कोणत्याही चौकात उभे राहून पाहावे. शिवाय दुचाकीस्वाराच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तो मिनिटांच्या हिशेबात बसत नाही.

बसने जाणारी:
मला दोन्ही बाजूंविषयी एकच विचारायचे आहे. मोकळा झालेला जुना रस्ता कोणाला मिळणार? मेट्रो ४ च्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांनी आधीच मार्गिका खाल्ल्या, नंतर सेवारस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचे काम निघाले, आणि या सगळ्यात बसथांब्यावर उभे राहायला धड कठडासुद्धा उरला नाही. कंटेनर गेल्यावर रिकामी होणारी एक मार्गिका पहिल्याच दिवशी बससाठी राखली, तरच बसच्या प्रवाशाचा वेळ वाचेल. एकदा ती मोटारींनी व्यापली, की परत मिळणार नाही.

खारेगावकर:
वरच्या प्रतिसादाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि कोलशेतच्या रहिवाशांना माझा विरोधही नेमका येथेच आहे. नवा रस्ता जुन्या वाहतुकीची वाटणी करून थांबत नाही, तो नवी वाहतूक ओढून आणतो. गर्दीच्या वेळेतील द्रुतगती मार्गांविषयी अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हे मांडले होते: रस्ता मोकळा झाला, की इतर वेळी, इतर मार्गांनी किंवा रेल्वेने जाणारे लोक त्याच वेळी त्याच रस्त्यावर येतात. आपल्याकडे याला बांधकामाची जोड आहे. हा मार्ग ज्या कोलशेत, वाघबीळ, ओवळे पट्ट्याच्या मागून जाणार, तेथेच टोलेजंग इमारती उठत आहेत, आणि तेथील गाड्या बायपासवर चढणार म्हणजे त्यावर उतार-चढावाच्या वाटा हव्यात. जितक्या वाटा, तितका तो बायपास कमी आणि शहरातला रस्ता जास्त.

काम सुरू असलेल्या ठाणे–बोरिवली बोगद्याचाही विचार येथे व्हायला हवा. ११.८ किलोमीटरचा तो मार्ग ठाण्याच्या बाजूला मानपाड्यानजीक टिकुजिनीवाडीजवळ उघडणार आहे. बोरिवलीहून झपाट्याने आलेली मोटार नाशिककडे जायची असेल, तर ती मानपाड्यालाच येणार. खाडीकिनारी सोडवलेली जागा डोंगराकडून भरून निघाली, तर आपण नक्की काय साधले? बंदराच्या कंटेनरसाठी खरा बायपास म्हणजे मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्गाचा बदलापूरकडून जेएनपीएला, म्हणजे उरणच्या त्याच बंदराला जाणारा फाटा. तो पुरा झाला, तर हे कंटेनर माजिवड्याला यायचेच नाहीत.

कोलशेतचा रहिवासी:
पण मग बोरिवलीहून येणारी मोटार आज कोठून येते? ती फाउंटन, घाट आणि संपूर्ण घोडबंदर रस्ता तुडवतच येते ना? बोगद्यातून आली तर निदान गायमुख ते मानपाडा हा पट्टा तिच्यातून सुटतो. नवी वाहतूक वाढेल हे मला मान्य आहे, परंतु ती वाढेल म्हणून आजची अडचण तशीच ठेवावी, हे तर्काला धरून नाही. उतार-चढावाच्या वाटांबाबत मात्र खारेगावकर यांच्याशी माझे एकमत आहे. त्या मोजक्याच असाव्यात, आणि कोलशेतला नसली तरी माझी हरकत नाही.

ओवळेकर:
कोलशेतला वाट नसली तरी चालेल, असे कोलशेतमधूनच ऐकायला मिळाले याचे समाधान आहे; तुमच्या शेजाऱ्यांना ते चालेल का, हा भाग वेगळा. माझी मागणी मर्यादित आहे. अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते, आणि ती उठल्याबरोबर नाक्यांवर थोपवलेले ट्रक एकदम सुटतात. बायपास झाल्यावर ही बंदी सैल करण्याचा मोह प्रशासनाला होईल, कारण रस्ता शहराबाहेरचा आहे असे म्हणता येईल. घाटाला पर्याय होईपर्यंत बंदीच्या वेळा आहेत तशाच ठेवाव्यात आणि ट्रक खारेगावच्या अलीकडे थांबतील असे वाहनतळ बायपासच्या आराखड्यातच धरावेत.

खारेगावकर:
खारेगावच्या अलीकडे म्हणजे आमच्या दारात. आजही सेवारस्त्याच्या कडेला ट्रक ओळीने लागतात, चालक तेथेच स्टोव्ह पेटवून जेवण करतात आणि रात्री शाळेच्या फाटकापर्यंत वाट उरत नाही. वाहनतळ हवेच, परंतु ते बंदराजवळ हवेत, आणि घाट मोकळा असल्याची खबर मिळाल्यावरच तेथून गाड्या टप्प्याटप्प्याने सोडाव्यात. ओवळ्याची रांग खारेगावला आणून ठेवणे हा तोडगा म्हणून मला मान्य नाही.