विषय: मांद्र्याच्या वाळूवर चालेल अशी स्वस्त फॅट बाइक

प्रेषक: नाना, एडिसन (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबर ते मार्च आम्ही दोघं उत्तर गोव्यात मांद्र्याला, हिच्या माहेरच्या घरी राहणार आहोत. सकाळी वाळूतून आश्वे, मोरजीपर्यंत सायकल मारावी असं फार दिवस मनात आहे. साधी सायकल कोरड्या वाळूत जागीच रुतते, म्हणून चार इंची टायरवाली फॅट बाइक घ्यायचं ठरवलंय.

इथे वॉलमार्टमध्ये मंगूजची डोलोमाइट मिळते. २६ बाय ४ चे टायर, सात गिअर, तारेवरचे डिस्क ब्रेक. स्वस्तात घ्यायची आणि मग निम्मे पार्ट बदलत बसायचं, असा छंदच आहे इथल्या लोकांना. तीच खोक्यात घालून आणावी, की गोव्यातच घ्यावी? बजेट सगळं धरून पंचवीस हजार रुपये. वजन ९२ किलो (माझं, सायकलचं नव्हे). पुढे बास्केट लावून मासे आणायचेत आणि रंग पिवळा हवाय. भाचा म्हणतो बॅटरीवाली घ्या. गोव्यात परतलेल्या मंडळींनी मार्गदर्शन करावं.

नाना

प्रेषक: अण्णा, पर्वरी

नाना,

खोकं आणू नका. ही सायकल वीस किलोच्या घरात जाते. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा २३ किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटर. खोकं त्याच्या बाहेर जाणार, जादा सामानाचे पैसे भरणार, वर कस्टमवाल्याला समजावत बसणार. त्या पैशांत इथे चांगले टायर येतात.

आपल्याकडे पंधरा हजारांच्या आत-बाहेर जी फॅट बाइक मिळते, ती जवळपास तुमच्या डोलोमाइटचीच बहीण. स्टीलची फ्रेम, शिमानोच्या स्वस्तातल्या टूर्नी मालिकेचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवतो तो), आट्यांवर बसणारं सात चक्रांचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा), तारेवरचे डिस्क ब्रेक. नाव काहीही लिहिलेलं असो, स्टिकर बघून भुलू नका. तीन गोष्टी बघा.

पहिली, मागच्या चाकाच्या हबची, म्हणजे मधल्या तुंब्याची रुंदी. साध्या माउंटन बाइकला मागे १३५ मिलिमीटर असते, फॅट बाइकला १७० किंवा १९०. ते मोजून लिहून ठेवा. चाक गेलं तर म्हापशातल्या कुठल्याही दुकानातलं दुसरं चाक बसणार नाही, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. दुसरी, पेडलच्या आसाची नळी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. साध्या सायकलला ६८ किंवा ७३ मिलिमीटर, फॅटला बहुतेक १००. तिच्यात सुट्या छऱ्यांचे कप असतील तर ते पुढे बदलायचेच आहेत. तिसरी गोष्ट अशी की सगळ्यांत मोठ्या मागच्या चक्रावर चेन टाकून चाक फिरवायचं आणि चेन टायरला घासते का ते बघायचं. स्वस्त गाड्यांत इथेच मिलिमीटरांचा घोळ असतो, आणि तो नंतर पैसे टाकूनही नीट मिटत नाही.

ऑनलाइन घेतलीत तर ती '८५ टक्के जोडलेली' येते. उरलेले पंधरा टक्के म्हणजे हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट. त्यात पुढचा फोर्क उलटा लावून महिनोन्महिने फिरणारे महाभाग मी बघितलेत. आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. जोर लावून बसवलंत तर क्रँकचे, म्हणजे पेडलच्या दांड्याचे आटे गेलेच म्हणून समजा. त्यापेक्षा एखाद्या मेस्ताला (कारागिराला) चार पैसे द्या.

बॅटरीवाली नको. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत लायसन्स-नोंदणीची भानगड नाही हे खरं, पण खाऱ्या वाऱ्यात तिचे कनेक्टर टिकवणं हा वेगळाच उद्योग आहे.

अण्णा

प्रेषक: ताई, टोरांटो

नाना, मी इथे बर्फात चालवते म्हणून हवेबद्दल तेवढं सांगते. ही सायकल मुळात अलास्काच्या बर्फातली आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूतली. २००५ साली सर्ली कंपनीने पग्सली नावाची फॅट बाइक काढली आणि मग ती सगळीकडे पोचली. तिची सगळी जादू हवा कमी ठेवण्यात आहे. दुकानदार तीस पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) भरून देईल आणि मग ती वाळूत कुठल्याही सायकलसारखीच रुतेल.

हिशोब सोपा आहे. तुम्ही ९२, सायकल १८, मिळून ११० किलो, म्हणजे साधारण २४० पौंड. आठ पीएसआय ठेवलंत तर दोन्ही टायर मिळून जमिनीला तीस चौरस इंच टेकतात. साध्या सायकलच्या चाळीस पीएसआयला फक्त सहा. (टायरची भिंतही थोडा भार घेते, त्यामुळे आकडा अगदी काटेकोर धरू नका.) मऊ वाळूला सहा ते आठ, ओल्या घट्ट वाळूला दहा, डांबरी रस्त्याला पंधरा-वीस. पेट्रोल पंपावरचं यंत्र इतक्या खालचा आकडा नीट दाखवत नाही. कमी दाबाचा गेज वेगळा घ्या, तो सायकलच्या कुठल्याही दागिन्यापेक्षा आधी.

एक तोटाही सांगते. हवा कमी ठेवून डांबरावर आलात की स्वस्त टायर हँडल आपल्या मनाने एका बाजूला ओढतो. पहिल्यांदा दचकायला होतं.

ताई

प्रेषक: बाळू, मडगाव

सगळ्यांची क्षमा मागून वेगळं बोलतो. नानांनी फॅट बाइक घेऊच नये असं माझं मत आहे.

आमच्या सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, माजोर्डे, कोलवा, बाणावली, पार मोबोरपर्यंत सलग किनारा आहे. ओहोटीला पाण्याच्या कडेची वाळू इतकी घट्ट होते की त्यावरून २९ इंची साध्या माउंटन बाइकवर, सव्वादोन इंची टायरवर, मजेत जाता येतं. तिचं वजन चौदा-पंधरा किलो, पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात आणि बाजाराला जाताना जीव जात नाही. फॅट बाइक चढावर ओढायला लागलात की कळेल. उरलेल्या पैशांत वहिनींनाही एक सायकल येईल.

बाळू

प्रेषक: अण्णा, पर्वरी

बाळू, तुझं म्हणणं घट्ट वाळूपुरतं खरं आहे. पण मांद्र्याला घरून त्या घट्ट वाळूपर्यंत पोचायलाच कोरडी वाळू लागते, वाटेत ओहोळ आडवा येतो, आणि नाना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून उठणाऱ्यांतले नाहीत. शिवाय फॅट बाइक हौसेची गोष्ट आहे. हौसेला हिशोब विचारू नये, फक्त बजेट विचारावं.

चढाचं मात्र बाळूने बरोबर पकडलं. या गाड्यांना पुढे ३६ दात्यांचं चक्र आणि मागे सगळ्यांत मोठं २८ चं असतं. वाळूत किंवा घाटीत ते फार जड पडतं, आणि चाकाचा बाहेरचा घेर जाड टायरमुळे २९ इंचीएवढा होतो, त्यामुळे आणखीनच. पुढे ३० किंवा २८ दात्यांचं चक्र टाका, मागे १४-३४ चं फ्रीव्हील. टूर्नीचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर ३४ पेलतो. चेन मात्र नवीन मापून कापावी लागेल.

आता फ्रीव्हील काढायचं कसं ते सांगतो, कारण इथे निम्मे लोक छिन्नी-हातोडी घेतात. पेडल मारून मारून ते आट्यांवर आवळत गेलेलं असतं. त्याच्यात बसणारी काढणी मिळते, किमतीला किरकोळ. ती बाकावरच्या व्हाइसमध्ये उभी पकडायची, वरून चाक तिच्या खाचांत बसवायचं आणि ट्रकचं स्टिअरिंग फिरवावं तसं दोन्ही हातांनी टायर धरून डावीकडे फिरवायचं. कट्ट असा आवाज येतो, पुढे बोटांनी सुटतं. पाना घेऊन झटापट करायची गरज नाही.

बॉटम ब्रॅकेटलाही हेच. सुट्या छऱ्यांचे कप काढून बंद काडतूस, म्हणजे आस आणि छरे आत बंद असलेली तयार नळी टाका. जुन्या आसाची लांबी मोजून तेवढीच नवीन घ्या, नाहीतर चेनची रेघ बिघडते. डावा कप नेहमीसारखा सुटतो, चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, म्हणजे उजवीकडे फिरवला की सुटतो. हे न सांगितल्यामुळे फोडलेल्या फ्रेम मी पाहिल्यात.

ब्रेकची कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅडने आवळणारी पकड, बदलू नका. बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. आतल्या पॅडला मागून अॅलन की लावून तो डिस्कच्या जवळ आणायचा, डिस्कला घासणार नाही इतपत. नव्वद टक्के तक्रारी इथेच संपतात. तारा स्टेनलेसच्या घ्या, बाहेरची नळी चांगली घ्या, आणि तुमच्या वजनाला पुढे १६० मिलिमीटरच्या जागी १८० ची डिस्क अडॅप्टरसकट. बजेटमध्ये एवढंच बसतं आणि एवढंच पुरतं.

रंग सगळ्यात शेवटी! पिवळा हवा तर पिवळा, पावडर कोटिंग करून घ्या, पण देण्याआधी सगळे आटे आणि हेडट्यूबची (हँडलखालच्या नळीची) तोंडं झाकायला सांगा. त्याहून स्वस्तात हौस भागवायची तर रिमच्या भोकांतून दिसणारी पट्टी पिवळी टाका. फॅट बाइकच्या रिमला वजन कमी करायला मोठी भोकं पाडलेली असतात, आतली पट्टी लांबून झळकते. शंभर-दोनशेत गाडी ओळखू येईनाशी होते.

अण्णा

प्रेषक: नाना, एडिसन

अण्णा, देव बरें करूं. ताई, गेज मागवला. बाळू, वहिनींनी तुझा मेल वाचलाय, त्यामुळे आता दोन सायकली होणार असं दिसतं.

भाच्याने म्हापशात एक गाडी बघून माप पाठवलंय. मागे १९० आणि चेन टायरपासून सुटी फिरते. गंजाचं काय करायचं? आणि माशांची बास्केट?

नाना

प्रेषक: अण्णा, पर्वरी

गंजाचं सांगतो, कारण गोव्यात फॅट बाइक मरते ती याच दुखण्याने. वाळू नंतर.

गाडी घरी आली की पहिल्याच दिवशी सीटपोस्ट काढा. ती अॅल्युमिनिअमची, फ्रेम स्टीलची, मध्ये खारं पाणी गेलं की दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि मग कापूनच काढावी लागते. भरपूर ग्रीस लावून परत घाला. त्याच भोकातून फ्रेमच्या आत गंजरोधक मेणाचा फवारा मारा, फ्रेम उलटीसुलटी करून सगळीकडे पोचवा.

हबचं ग्रीस कारखान्यातून नावापुरतं येतं. ते पुसून टाका आणि ट्रॉलरवाले वापरतात ते पाण्यात न धुपणारं ग्रीस भरा. मालीमच्या जेटीकडे, दक्षिणेत कुटबणला, जिथे ट्रॉलरची कामं चालतात तिथल्या दुकानांत विचारा. सायकलच्या दुकानातल्या छोट्या ट्यूबपेक्षा स्वस्त पडतं.

समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याची बादली, एक मग आणि मऊ कापड. बस. प्रेशरच्या पाइपने धुऊ नका, पाणी थेट बेअरिंगमध्ये जातं. चेन पुसून, वाळवून, मग तेल. ओल्या चेनवर तेल म्हणजे आत पाणी कोंडणं. आणि ओहोळात आस बुडेपर्यंत शिरू नका. टायर तरंगतो म्हणून माणसं धाडस करतात.

बास्केट हँडलला टांगू नका, तारा दबतात आणि वाळूत हँडल जड होतं. मागे कॅरिअर लावा, पण फॅट टायरला रुंद कॅरिअर लागतं, साधं टायरला टेकतं. त्यावर झाकणाचा प्लॅस्टिकचा क्रेट बांधा. माशाचं पाणी फ्रेमवर गळता कामा नये, तेही खारंच.

ट्यूब दोन जादा ठेवा. २६ बाय ४ ची ट्यूब हव्या त्या वेळी मिळत नाही. अडीच इंचीची तात्पुरती चालते, फक्त ताणून पातळ होते. टेकड्यांवरच्या काटेरी गवतातून आणि शॅकमागच्या फुटक्या बाटल्यांतून जाऊ नका म्हणजे तीही वेळ येणार नाही.

अण्णा

प्रेषक: माई, मोरजी

इतकं सगळं झालं, आता आमच्या बाजूचं ऐका. नाना, तुम्ही येताय तोच कासवांचा हंगाम. ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्चच्या सुमाराला मोरजी, आश्वे, मांद्रे, आणि तिकडे दक्षिणेत आगोंद, गालजीबागला अंडी घालायला येतात. अंडी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. नेमकी तीच मऊ वाळू, जिच्यासाठी तुम्ही चार इंची टायर घेताय.

म्हणून कोरडी वाळू फक्त घरापासून पाण्यापर्यंत सरळ ओलांडायला. लांब जायचं ते भरतीच्या रेषेच्या खालून, ओल्या वाळूवरून. दोरी लावून आखलेली जागा दिसली तर उतरून लांबून हाताने न्या. अंधार पडल्यावर सायकल नको आणि पुढचा झगझगीत दिवा तर मुळीच नको. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात.

ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे ठरावीक वेळेला रोज सकाळी ओली वाळू मिळेल असं नाही. ज्या दिवशी सकाळी भरती असेल त्या दिवशी चोडण बेटाच्या फेरीने पलीकडे जा, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतांच्या) बांधावरची लाल माती तुमच्या टायरला आवडेल.

माई

प्रेषक: व्यवस्थापक

मंडळी, उत्तर देताना मागचे सगळे मेल खाली चिकटवू नयेत. टोरांटोहून आलेला शेवटचा मेल एवढा लांब झालाय की फोनवर उघडत नाही. विषय मात्र चालू द्या.

प्रेषक: नाना, एडिसन

माई, कळलं. दिवा काढून ठेवतो, ओहोटीचं वेळापत्रक फोनवर घेतलं. भाच्याला गाडी घ्यायला सांगितली आहे, रंग सध्या आहे तोच काळा, पट्टी पिवळी. वहिनींसाठी बाळूने सांगितलेली २९ इंची बघतोय.

अण्णा, तुमच्याकडे ती फ्रीव्हीलची काढणी आणि व्हाइस आहे ना? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पर्वरीला येऊ का? चेन कापायचं हत्यार मी इथून घेऊन येतो.

नाना