मदत हवी आहे: वेस्ट हायलँड वे, लॉख लोमंडला तंबूचं परमिट मिळत नाहीये

निशिगंध
स्कॉटलंडमधली वेस्ट हायलँड वे ही लांब पायवाट चालायची आहे, तंबूत राहून. सगळं जुळत आलंय, एका रात्रीपाशी घोडं अडलंय. शनिवारी लॉख लोमंड तळ्याकाठी बाल्माहा ते रोवर्डेनन या पट्ट्यात मुक्काम आहे. तिथे परमिट लागतं आणि लॉख लोमंड नॅशनल पार्कच्या साइटवर त्या रात्रीचं सगळं भरलेलं दिसतंय. सालोखीची कॅम्पसाइटही भरली. पुढच्या मुक्कामांचे पैसे भरून झालेत, तारखा हलणार नाहीत. परमिटशिवाय तंबू टाकला तर काय होतं? दुसरा काही मार्ग? लवकर सांगा, आज रात्री ट्रेनची तिकिटं काढायची आहेत.

डोंगरवेडा
महिना कुठला? किती जण? कुठून येताय? सामान पाठीवर की गाडीने पुढे पाठवणार? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

सह्यकडा
परमिट वगैरे काही लागत नाही हो. स्कॉटलंडमध्ये उघड्यावर तंबू टाकायचा हक्क 2003 च्या कायद्यानेच दिलाय. बिनधास्त टाका, सकाळी लवकर उठून चालू पडा. आपण राजगड-तोरण्याला कुणाला विचारतो का?

एडिनकर
सह्यकडा, अर्धी माहिती देऊ नका, समोरचा माणूस दंड भरेल. 2003 चा कायदा आहेच. पण लॉख लोमंड नॅशनल पार्कचे उपविधी आहेत, त्यानुसार 1 मार्च ते 30 सप्टेंबर ठरावीक किनाऱ्यांवर परमिट किंवा कॅम्पसाइट, दोन्हीपैकी एक हवंच. पूर्व किनाऱ्याचा हा पट्टा नेमका त्यात येतो. रेंजर फिरत असतात आणि उपविधी मोडणं हा गुन्हा धरला जातो. ग्लासगो इथून तासाभरावर. लोक गाड्या भरून यायचे, ओली झाडं तोडून शेकोट्या पेटवायचे, फाटके तंबू तिथेच टाकून जायचे. मी तो किनारा तेव्हाही पाहिलाय आणि आत्ताही बघतो. नियम आला ते बरं झालं.

रिमझिम
निशिगंध, चालण्यात एवढा वेळ घालवण्यापेक्षा गाडी भाड्याने घ्या आणि सरळ स्काय बेटावर जा. पोर्ट्रीला राहायचं, ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, क्विराइंग, डनव्हेगनचा किल्ला बघायचा. आम्ही ग्लेन्को करून गेलो होतो. फोटो हवेत का?

डोंगरवेडा
त्यांनी स्कायचं विचारलेलं नाही.

निशिगंध
सॉरी, घाईत राहून गेलं. जुलैचा दुसरा आठवडा. मी, नवरा आणि बाबा. आम्ही लीड्सला असतो, बाबा पुण्याहून आलेत. शुक्रवारी मलगायहून निघून ड्रायमनला मुक्काम, शनिवारी ही अडलेली रात्र, रविवारी इन्व्हरारनान. सामान पाठीवरच.

एडिनकर
बाबांचं वय? आणि त्यांच्या पाठीवर किती वजन?

निशिगंध
67. रोज पर्वती चढतात. सॅक आठ-नऊ किलोची होईल.

सह्यकडा
मग काय प्रश्न आहे! अख्ख्या वाटेचा सगळ्यात उंच बिंदू डेव्हिल्स स्टेअरकेस, तो 548 मीटर. आपला सिंहगड त्याच्या दुपटीहून उंच आहे. बाबा हसत करतील.

एडिनकर
उंचीचा हिशोब इथे लावू नका. ड्रायमन ते रोवर्डेनन 22-23 किलोमीटर, त्यात कॉनिक हिलचा उतार गुडघ्यांवर येतो. पण खरा कस इन्व्हरस्नेड ते इन्व्हरारनान. पाण्याच्या अगदी कडेने वाट जाते, ओल्या मुळ्या, मोठमोठे दगड, हात टेकून उतरावं लागतं. तासाला दोन किलोमीटर झाले तरी खूप. अशा ठिकाणी नऊ किलोची सॅक तोल घालवते. पर्वतीच्या पायऱ्यांची सवय तिथे उपयोगाची नाही.

जुन्नरकर
मी एक सांगतो, जुलैत तंबूत राहायचंच नाही. मिज नावाची चिलटं. संध्याकाळी वारा पडला की ढगच्या ढग येतात. इन्व्हरओरनला डाळ-तांदूळ शिजवायला ठेवले आणि झाकण उघडल्या उघडल्या वर काळा थर. कानात, पापण्यांवर, सॉक्सच्या इलॅस्टिकखाली. तंबूची चेन दोन सेकंद उघडी राहिली की रात्र गेली. बी अँड बी बघा.

सुमेधा_प
ओडोमॉस न्या. आमच्याकडे त्यावाचून पान हलत नाही.

जुन्नरकर
ताई, ओडोमॉसवर विसंबू नका. तिथे स्मिज नावाचा स्प्रे मिळतो, तो घ्या आणि डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी. जाळीशिवाय जाऊच नका.

डोंगरवेडा
चिलटांना घाबरून तंबू सोडायची गरज नाही. वारा चालू असला की ती उडूच शकत नाहीत. तंबू झाडीत किंवा खोलगट जागी न टाकता वाऱ्याला उघड्या उंचवट्यावर टाका, सकाळी उठल्याबरोबर आवरून निघा, चहा पुढे जाऊन करा. मला त्यापेक्षा गोचिडांची काळजी वाटते. लाइम रोग त्यांच्यातून होतो. फुलपँट मोज्यात खोचा, रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा. चिकटलेली गोचीड काढायचा छोटा आकडा तिथल्या औषधाच्या दुकानात मिळतो. बोटांनी चिरडू नका.

सुमेधा_प
मी पण ऑगस्टमध्ये लेकीकडे ग्लासगोला जातेय. घरचं तूप आणि पेढे नेता येतील का?

एडिनकर
ताई, भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, तूप आणि पेढे दोन्ही नाही. थालीपिठाची भाजणी न्या. वेगळा धागा काढा ना, इथे मूळ प्रश्न राहून जातोय.

निशिगंध
हो, शनिवारचं कुणी सांगेल का? रोवर्डेननच्या हॉस्टेलला फोन केला, एकच बेड शिल्लक आहे म्हणाले.

एडिनकर
परमिटचा पट्टा रोवर्डेननच्या थोडं उत्तरेला, टार्मिगन लॉजपाशी संपतो. पार्कच्या साइटवर नकाशा आहे, हद्द स्वतः बघून घ्या. तिथून पुढे 2003 च्या कायद्याचा हक्क लागू. लहान गट, घरांपासून आणि रस्त्यापासून लांब, शेकोटी नाही, कचरा परत सोबत. आणखी पुढे गेलात की रोशॉयशची बॉथी लागते, रोवर्डेननपासून साधारण पाच किलोमीटर. दगडी खोली, फुकट, बुकिंग नाही. वीज नाही, नळ नाही, पाणी ओढ्याचं, गाळून उकळून प्या.

डोंगरवेडा
जुलैच्या शनिवारी बॉथीच्या भरवशावर जाऊ नका, भरलेली असू शकते. तंबू जवळ असू द्याच. आणि ड्रायमनहून बॉथीपर्यंत 28 किलोमीटर होतात. उजेड रात्री दहापर्यंत असतो म्हणून तुम्हा दोघांना जमेल, बाबांना त्या दिवशी चालवू नका.

सह्यकडा
67 म्हणजे म्हातारे नव्हेत हो. त्यांना तरी विचारा.

एडिनकर
जरूर विचारा. तो एक बेड लगेच बाबांच्या नावाने घ्या. ते शनिवारी ड्रायमनहून बाल्माहापर्यंत बसने येतील, कॉनिक हिल टळेल, तिथून पुढे तुमच्यासोबत रोवर्डेननपर्यंत चालतील. तुम्ही दोघं हद्दीपलीकडे जाऊन तंबू टाका. रविवारी सकाळी ते तुम्हाला येऊन मिळतील आणि इन्व्हरस्नेडपर्यंत सोबत चालतील. तिथली पुढची वाट त्यांना नको वाटली तर इन्व्हरस्नेडहून उन्हाळ्यात टार्बेटला बोट जाते, वेळा आधी बघून ठेवा. टार्बेटहून बसने इन्व्हरारनान. म्हणजे अवघड टप्पा सोडून बाकी सगळं त्यांचं होईल.

निशिगंध
बाबांना वाचून दाखवलं. बोटीला नाही म्हणाले, बेडला हो म्हणाले. बेड घेतला. त्यांची सॅक आम्ही दोघं वाटून घेणार, त्यांच्याकडे फक्त पाणी आणि रेनकोट. इन्व्हरस्नेडला पोचल्यावर पाऊस असेल तर बोट, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. गॅसचा डबा ग्लासगोतच घ्यावा का?

डोंगरवेडा
हो, ग्लासगोतच घ्या. संपला तर टिंड्रमला मिळतो. आणि बोटीची शेवटची फेरी कागदावर लिहून बाबांच्या खिशात द्या, त्या काठावर फोनला रेंज धड नसते.